तिवई, तिथी आणि हप्ता

आमच्या मेव्हण्याने आकाशगंगेचा फोटो काढायचं मनावर घेतलं आणि त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन बूट विकत आणले.

फोटोचा आणि बुटांचा संबंध काय, असं मी साळसूदपणे विचारलं. म्हणाला, "दाजी, डोंगरावर ग्रिप लागते." बुटांच्या मागोमाग नवा कॅमेरा आला. कॅमेऱ्यामागोमाग रुंद भिंग आलं, भिंगामागोमाग कार्बन फायबरची तिवई आली (तिला तिवई म्हटलेलं त्याला खपत नाही, ट्रायपॉड म्हणायचं). तिवईवर बसवायचं, आडवं-उभं दोन्हीकडे फिरणारं पॅनोरमाचं डोकं आलं. आणि हे सगळं पाठीवर मारायला एक पिशवी आली, जिची किंमत ऐकून मी आमच्या लग्नातल्या सूटकेसची मनातल्या मनात क्षमा मागितली. एकूण हप्ते चोवीस. अकरा फिटले. त्या अकरा महिन्यांत अमावास्या अकरा येऊन गेल्या आणि फोटो निघाला तो एकच: हे सगळं सामान पलंगावरच्या चादरीवर ओळीने मांडून काढलेला. तोही मोबाईलवर.

तर माझं भांडण या जमातीशी आहे. मेव्हणा हा केवळ जवळचा नमुना. ही माणसं तयारीला खरेदी समजतात. यादी करायची, यादीतली वस्तू आणायची, खूण करायची आणि पुन्हा नवी यादी करायची. असं म्हणत म्हणत जन्म जातो आणि वृश्चिक रास बिचारी दर चैत्रात आग्नेयेला येऊन, कोणी आलंय का बघून, निघून जाते. आम्हां बी. कॉम. वाल्यांना पहिल्याच वर्षी घसारा शिकवतात. वस्तू घेतल्या दिवसापासून तिची किंमत उतरायला लागते, तुम्ही ती वापरा नाहीतर चादरीवर मांडा. आकाशाला मात्र घसारा नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो. त्या गैरसमजाकडे मी येणारच आहे.

आता तुम्ही विचाराल, बँकेच्या काउंटरवर बावीस वर्षं नोटा मोजणाऱ्या कारकुनाला या उचापती सांगितल्या कोणी? सांगतो. आमची कन्या नववीत आहे. एका रात्री कुठलासा फोटो बघत होती. काळा डोंगर आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दुधाळ कमान. मी म्हटलं, "आकाशगंगा!" ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, ही एआयने केलीय." मी म्हटलं, "अगं, खरी असते. आम्ही गावाला अंगणात झोपायचो तेव्हा रोज दिसायची." त्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आमचे शाखाधिकारी कर्जदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्याकडे पाहतात.

तेव्हाच ठरवलं. हिला गावी न्यायचं, दाखवायची, आणि पुरावा म्हणून फोटो काढायचा. अख्ख्या कमानीचा. अख्खी कमान एका फोटोत मावत नाही. म्हणून शेजारीशेजारी सहा-सात फोटो काढायचे, प्रत्येकाचा काठ पुढच्यावर चढवायचा आणि मग ते शिवायचे. पॅनोरमा पॅनोरमा म्हणतात तो हाच. आमची आजी लुगड्यांची गोधडी शिवायची, तिचंही तंत्र याहून वेगळं नव्हतं. काठ काठावर चढला पाहिजे, आणि सगळे तुकडे एकाच धुण्याचे पाहिजेत.

माझं साहित्य ऐका. शाखेतल्या हेड कॅशियरने मुलाला नवा कॅमेरा घेतल्यावर जुना मला दिला. त्याच्याबरोबर येतं तेच १८-५५ चं साधं भिंग. तिवई सेकंडहँड, एका पायाचा स्क्रू ढिला, त्याला सुतळी. लाल जिलेटिनचा कागद गुंडाळलेली विजेरी. पांढऱ्या उजेडाने डोळे पुन्हा कोरे होतात आणि अंधाराला सरावायला त्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. लाल उजेडाने तेवढं बिघडत नाही. मेस्त्रीकडून मागून आणलेली पाणसळ. आणि कन्येच्या कंपासपेटीतला कोनमापक.

कोनमापकाला हसू नका. कॅमेरा उभा धरला की त्या १८ च्या भिंगात आडवं साधारण ४७ अंश आकाश मावतं. दर फोटोला ३० अंश फिरवलं तर एकतृतीयांश काठ पुढच्यावर चढतो, आणि शिवायला तेवढा पुरतो. शून्य, तीस, साठ, नव्वद करत एकशे ऐंशीपर्यंत खुणा किती? सात. मी कोनमापक तिवईच्या डोक्याखाली चिकटवला, फिरत्या भागावर आगपेटीतली काडी चिकटवून काटा केला, आणि झालं पॅनोरमाचं यंत्र. मेव्हण्याच्या डोक्याची किंमत मी इथे लिहीत नाही. त्याची बायको हे पुस्तक वाचण्याची शक्यता आहे.

"पण दाजी, तुमचं डोकं वरखाली दोन ओळी घेऊ शकत नाही," असं तो कुत्सितपणे म्हणाला. बरोबर आहे. घेऊ शकत नाही. पण माझा मुद्दाच तो आहे! दोन ओळी लागतातच कशाला? एप्रिलच्या अखेरीस, आपल्याकडे, रात्री एकच्या सुमारास आकाशगंगेची कमान पूर्वेला उत्तरेकडून दक्षिणेपर्यंत पसरलेली असते आणि तिचा माथा क्षितिजापासून तीसेक अंशच वर असतो. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश झाकतात. तीन मुठी, संपलं. उभ्या कॅमेऱ्यात ६६ अंश उंची मावते. म्हणजे खाली डोंगर, मध्ये कमान, वर थोडी श्वास घ्यायला जागा, सगळं एका ओळीत. तीन वाजता जा, कमान पन्नास अंशांच्या वर चढलेली असेल आणि मग तुम्हाला दोन ओळी लागतील, ते डोकं लागेल, आणि त्याचे हप्ते लागतील. दोन तास लवकर पोचणे हे जगातलं सर्वात स्वस्त उपकरण आहे. कुठलाही दुकानदार ते विकत नाही, म्हणून कुठल्याही यादीत ते नसतं.

तारीख ठरवणं हा तर शुद्ध जमाखर्च. सामान आधी घेऊन तारीख मागून बघणाऱ्यांना माझं सांगणं आहे की भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवा. तिथी म्हणजे काय? सूर्य आणि चंद्र यांच्यात बारा-बारा अंशांनी वाढत जाणारं अंतर. अशा तीस तिथी. संकष्टीचा चंद्रोदय गावागणिक छापलेला असतो, तो आपण भुकेपोटी बघतो. तोच थोडा शास्त्रापोटी बघा. पुढे चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, हा हिशेब तोंडी जमतो. वद्य एकादशीपासून शुद्ध पंचमीपर्यंत रात्री एकचा तास चंद्राच्या तावडीतून मोकळा. ज्या पंचांगाला मुहूर्ताचं खूळ म्हणून आपण हसतो, ते रात्रीच्या फोटोवाल्यांचं वेळापत्रक आहे.

मग महिने. जून ते सप्टेंबर ढग. नोव्हेंबर ते जानेवारी आकाशगंगेचा तो भरगच्च, धनू राशीतला भाग सूर्याच्या आसपास, म्हणजे रजेवर. ऑक्टोबरात संध्याकाळी थोडा दिसतो, पण मावळायच्या घाईत. फेब्रुवारीत अगदी पहाटे. मार्च उत्तम, पण मार्चमध्ये बँकेच्या कारकुनाने आकाशाकडे बघायचं ते फक्त देवाचा धावा करायला. मे महिन्यात वळीव. राहिला एप्रिल. त्यात अमावास्येच्या आसपासचे दिवस, आणि त्यातून आमची सुट्टी दुसऱ्या-चौथ्या शनिवारी. चाळणीवर चाळणी लावून वर्षाकाठी दोन रात्री हाती राहतात, आणि त्यातली एक सासुरवाडीच्या लग्नात जाते.

शनिवार जमेना म्हणून मी रजेचा अर्ज दिला. शाखाधिकारी म्हणाले, कारण? मी खरं बोलणारा माणूस, म्हणालो, "अमावास्या." त्यांनी पेन खाली ठेवलं. खुर्चीकडे हात केला. शिपायाला चहा सांगितला. "घरात काही... त्रास आहे का?" असं हळू आवाजात विचारलं आणि रजा मंजूर केली. संध्याकाळी निघताना एका गृहस्थांचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. "गुण येतो," म्हणाले.

सौ. चं म्हणणं वेगळंच. अमावास्येला प्रवास नको. तिला मी समजावलं की आदल्या दिवशी निघू, अमावास्येला फक्त डोंगरावर जाऊ. त्याने तिचं समाधान झालं नाही, हे मला अजून कळलेलं नाही असं मी दाखवतो.

तालमीचं सांगायचं राहिलं. पंधरा दिवस मी गच्चीवर तालीम केली. डोळे मिटून. कारण अंधारात बटणं दिसत नाहीत. अंतराची कडी भिंगावरच्या आडव्या आठावर नेऊन ठेवली की चांदण्या टोकदार येतात, ही एक भोळी समजूत. एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून, तो लहानात लहान ठिपका होईपर्यंत कडी फिरवायची आणि तिथे चिकटपट्टी मारायची. ५०० भागिले भिंगाचा आकडा, म्हणजे किती सेकंद झाकण उघडं ठेवता येईल ते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला त्या आकड्याची आधी दीडपट. माझं उत्तर साडेअठरा आलं. मी बँकवाला, मार्जिन ठेवून पंधरा धरले. त्याहून जास्त ठेवलं की पृथ्वी फिरते आणि ताऱ्यांची शेवई होते. आणि एकदा जे आकडे ठरले ते सातही फोटोंना तेच. कॅमेऱ्याला 'तुझं तू ठरव' म्हणालात की तो प्रत्येक तुकड्याला वेगळा रंग देतो आणि गोधडीची ठिगळं लांबून दिसतात. तिवईचे पायही पाणसळीत हवेत. नुसतं वरचं डोकं सरळ करून भागत नाही, नाहीतर फिरवता फिरवता क्षितिज नागमोडी होतं. हे सगळं मी गच्चीवर फुकट शिकलो. फुकट म्हणजे, समोरच्या इमारतीत माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते सोडून.

(शिवणकाम घरी येऊन संगणकावर. त्यासाठी एक चांगला प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्याचं नाव मराठी घरात चारचौघांत घेण्याजोगं नाही, म्हणून देत नाही.)

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, पाटणच्या अंगाला. संध्याकाळी पोचलो. मेव्हणाही आला, बूट घालून. जेवणं झाली, मी कन्येला म्हटलं, चल अंगणात. आणि अंगणात आलो तर अंगणात माझी सावली पडली होती. अमावास्येच्या रात्री. रेखीव, काळी, वाचायला चष्मा लागणार नाही अशी सावली! देवळाच्या चौकात हायमास्ट उभा राहिलाय. वर गोल कडं, कड्याला पांढरेफटक दिवे, आणि दिव्यांची तोंडं अशी की अर्धा उजेड चौकात, उरलेला थेट देवाधिकांच्या घरात. ज्या अंगणात मी लहानपणी आकाशगंगेचे फाटे मोजत झोपी गेलो, तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तारे उरले होते. कन्या काही बोलली नाही. तिचा न बोलण्याचा सूर मला चांगला कळतो.

तर तो गैरसमज. आकाशालाही घसारा आहे. २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. जगभरच्या हौशी मंडळींनी २०११ ते २०२२ या काळात डोळ्यांनी केलेल्या ताऱ्यांच्या नोंदींवरून असं निघालं की रात्रीचं आकाश दरसाल सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत चाललं आहे. वाचताना मी दर पाहून दचकलो, कारण इतकं व्याज आम्ही ज्येष्ठ नागरिकांनाही देत नाही. आणि हे चक्रवाढ आहे, बरं का. बहात्तरला व्याजदराने भागा: साडेसात वर्षांत दामदुप्पट. कन्या पदवीधर होऊन नोकरीला लागेपर्यंत हा उजेड दुप्पट झालेला असेल. मेव्हण्याचं भिंग कितीही भारी असो, ते उजेडातून अंधार गाळून देत नाही. हप्ते भरणाऱ्यांना माझा सवाल एवढाच आहे. तुम्ही ज्याच्या फोटोसाठी दीड-दोन लाख घालता, ते नाहीसं होत असताना तुम्ही भिंगाच्या झाकणावर चर्चा करता! विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान मिळाला. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलले, उजेड खाली वळवला. म्हणजे आपल्याच राज्यात हे जमतं. जमवावं लागतं, एवढंच.

त्या रात्री आम्ही जीप काढून वरच्या पठारावर गेलो. मी चपलांवर होतो. उतारावर दोनदा घसरलो आणि दुसऱ्या वेळी मेव्हण्याने दंडाला धरून वर ओढलं. ग्रिप लागते, हे मला मान्य आहे.

तिवई लावली, पाणसळ ठेवली, लाल विजेरी पेटवली, आणि अंधारातून आवाज आला, "कोन हाय रं तिकडं?" गावचे पोलीस पाटील, बरोबर दोन पोरं, काठ्या. त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या बाजूनेही बघा: अमावास्या, मध्यरात्र, तीन पायांवर उभं केलेलं काहीतरी, लाल दिवा, आणि घोंगडी पांघरलेली एक मुलगी. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि पोलीस पाटील कायद्याचे पक्के. "लिंबं कुठं हायत?" हा त्यांचा पहिला प्रश्न. वडिलांचं नाव सांगितलं तेव्हा ओळख पटली. मग ते आमच्याबरोबर तिथेच बसले.

साडेबाराला मेव्हण्याच्या लक्षात आलं की त्याचं कार्ड घरी संगणकात राहिलं आहे. कॅमेरा आहे, भिंग आहे, डोकं आहे, फोटो ठेवायला जागा नाही. माझ्याकडे जादा कार्ड होतं, ते दिलं. आणि इथे खरं सांगितलं नाही तर ऑडिटला पकडला जाईन: त्याचा फोटो माझ्यापेक्षा स्वच्छ आला. त्याचं भिंग माझ्यापेक्षा जवळजवळ चौपट उजेड आत घेतं. माझा फोटो रवाळ आहे, आणि सातव्या तुकड्याच्या बाजूला कऱ्हाडच्या दिव्यांचा फुगा आलाय. सात फोटोंना एकूण तीन मिनिटं लागली.

त्या तीन मिनिटांत कन्येला मी हलू नकोस म्हणून सांगितलं होतं. झाल्यावर म्हणाली, "बाबा, हे रोज असतं?"

म्हटलं, "रोज."

"मग आम्हाला का नाही दाखवलंत?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पोलीस पाटलांकडे होतं, पण ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलत होते. "त्या खांबाला टायमर हाय की," ते म्हणाले. "बसवल्यापासनं कुनी लावलाच न्हाई."

दुसऱ्या दिवशी सरपंचांकडे गेलो. ते भले गृहस्थ. त्यांचं म्हणणं: रात्री बायामाणसं येतात-जातात, साप निघतो, बिबट्या येतो, उजेड पाहिजे. पाहिजे! मी कुठे नाही म्हणतो? बिबट्या जमिनीवरून येतो, आकाशातून नाही. दिव्याला वरून टोपी घाला, तोंड खाली करा, पांढऱ्याऐवजी पिवळा लावा, आणि रात्री अकरा ते चार निम्मे दिवे बंद ठेवा. गावाचं बिलही कमी येईल. सरपंच म्हणाले, "साहेब, लेखी द्या."

लेखी देण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. विषय, संदर्भ, महोदय, सगळं घालून दीड पानी अर्ज दिला. सोबत मेव्हण्याचा फोटो जोडला, कारण तो जास्त स्वच्छ आहे. खाली कन्येनेही सही केली. तिची ही आयुष्यातली पहिली सही कागदोपत्री नोंदली गेली.

ग्रामपंचायतीची पोच माझ्याकडे आहे. शिक्का थोडा पुसट उठलाय, पण तारीख वाचता येते.